सात पोळ्यांचा डोंगर

दुकानदाराने काउंटरवर ठेवलेला ज्वालामुखी थर्माकोलचा होता. वीतभर उंच, चॉकलेटी रंग मारलेला, तोंडाशी लाल चमकी. खाली हिरव्या वेलवेट कागदाचं गवत आणि चार प्लॅस्टिकची झाडं.

"काकू, तिसरी ना? कालपासून हेच चाललंय. घेऊन जा, नाव तेवढं टाका खाली."

ऑगस्टातली मंगळवारची संध्याकाळ. ठाण्याच्या गोखले रोडवर पाऊस नुसता ओतत होता, आणि दुकानात छत्र्यांचं पाणी आणि आमच्यासारखी पाच-सहा घरं एकत्र साचली होती. प्रत्येकाच्या हातात डायरी, डायरीत तीच ओळ : ज्वालामुखीची प्रतिकृती, शुक्रवारपर्यंत. माझ्या नातीने तो डोंगर एका बोटाने उचलून पाहिला. इतका मोठा डोंगर एका बोटावर आला याचं तिला आधी हसू आलं. मग तिने तो जागेवर ठेवला आणि मला विचारलं, "आजी, हा घेतला तर मग मी काय करू?"

आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

अठ्ठावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. विज्ञान प्रदर्शनाची टेबलं लावली, चादरी अंथरल्या, परीक्षकांना चहा दिला आणि पुष्कळदा स्वतः परीक्षक झाले. त्या सगळ्या वर्षांत मुलांनी 'काय' करायचं यावर आम्ही शिक्षक तासन्‌तास बोललो. 'कशाचं' करायचं यावर कधी बोललो नाही. ते दुकानदारावर सोडलं. नातीच्या त्या प्रश्नानंतर घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, एका मुलाचं मातीचं हृदय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चौथीतला मुलगा, खाडीकडच्या वस्तीतून यायचा. त्याने चिकणमातीचं हृदय केलं होतं. चार कप्पे, आतून कोरलेले, बोट घालून एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येईल असे. प्रदर्शनाच्या दिवशी ते मधोमध तडकलं. शेजारच्या टेबलावर थर्माकोलचं हृदय होतं, लाल-निळे बल्ब लुकलुकणारं, आणि ते कोणी केलंय हे आम्हां सगळ्यांना कळत होतं. मी पहिला नंबर बल्बवाल्या हृदयाला दिला. मातीच्या हृदयापुढे 'नीटनेटकेपणा' या रकान्यात दहापैकी तीन लिहिले. तो मुलगा म्हणाला, "बाई, माती सुकली की लहान होते. बाहेरून आधी लहान झाली, आतून नाही झाली. म्हणून फाटली."

मी पुढच्या टेबलाकडे गेले.

त्या सबंध प्रदर्शनात स्वतः पाहून, स्वतः लावलेला कार्यकारणभाव तेवढा एकच होता. तो एका नऊ वर्षांच्या मुलाने माझ्यासमोर मांडला आणि मी तीन गुण लिहून पुढे गेले. आज तो कुठे असेल मला माहीत नाही. तो रकाना मात्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. ओल्या मातीत अतिशय बारीक, चपट्या कणांच्या मधे पाणी असतं. ते उडून गेलं की कण एकमेकांच्या जवळ सरकतात आणि सगळा गोळा आक्रसतो. बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला अजून फुगलेलाच असतो. मग ताण येतो आणि बाहेरची माती फाटते. गणपती करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून शाडूची मूर्ती उन्हात ठेवत नाहीत, सावलीत आणि हळूहळू सुकू देतात.

बुधवारी सकाळी मी कपाटातली शाडूची पिशवी काढली. सोसायटीत मुलांना गणपती करायला शिकवले होते, त्यातली उरलेली. नातीला सांगितलं, डोंगर राहू दे, आधी एक पट्टी कर. तिने लाटण्याने पट्टी लाटली, फूटपट्टी ठेवून सुईने दोन खुणा केल्या, बरोबर १० सेंटिमीटरवर. पट्टी पंख्याखाली ठेवली. "आता हिचं काय होईल?" असं विचारलं तर म्हणाली, "कडक होईल." मोजायचं कशाला, ते तिला तेव्हा कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

खरा पेच ज्वालामुखीचाच होता. आमच्या खिडकीतून पाऊस थांबला की येऊरचे डोंगर दिसतात. तिकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हे डोंगर कशाचे आहेत सांग." "दगडाचे." "आणि तो दगड?" तो दगड म्हणजे लाव्हाच हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकातला ज्वालामुखी जपानमधला होता, दुकानातलाही तसलाच, निमुळता, टोकाला भोक असलेला. आपला सह्याद्री तसा झालेला नाही. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, मुख्यतः त्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. एकावर एक थर चढले, काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरच्याही वर गेली. आज उरलेला भाग सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. येऊर, पारसिक, कसाऱ्याचा घाट, माळशेज, सगळं त्यातलंच. माळशेजला किंवा कसाऱ्याला डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हे थर. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दसुद्धा मुळात पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

म्हणजे ठाण्यातली मुलं खऱ्याखुऱ्या लाव्हावर राहून, त्याच लाव्हाची खडी घातलेल्या रस्त्यावरून चालत जाऊन, दुकानातून परक्या डोंगराचा आकार विकत आणत होती. याचं मला फार वाईट वाटलं. मुलांच्या हाताशी असलेलं इतकं मोठं काहीतरी आपण त्यांना दाखवतच नाही.

लाव्हा कधी पसरतो आणि कधी ढीग करतो, हे सांगायला मी तिला स्वयंपाकघरात नेलं. तव्यावर घावनाचं पीठ ओतलं, ते आपसूक कडेपर्यंत गेलं. मग थालीपिठाचा गोळा ठेवला, तो ठेवला तसाच बसून राहिला, थापावा लागला. लाव्हाचंही असंच आहे. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, कमी असेल तर तो पातळ असतो आणि लांब पळतो. सिलिका जास्त असेल तर चिकट होतो आणि तोंडाशीच साचतो, त्याचा उंच, उभा डोंगर होतो. आपला बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा हा काळा दगड, पहिल्या जातीचा, घावनासारखा. नातीने दोन्ही खाल्ली आणि ठरवलं की आपला डोंगर पोळ्यांचा करायचा. एकावर एक.

आता या पोळ्या कशाच्या?

पहिला प्रयोग प्लॅस्टिसिनचा, म्हणजे बाजारात ज्याला नुसतं 'क्ले' म्हणतात त्या तेलकट रंगीत कांड्यांचा. बाथमधल्या विल्यम हार्बट नावाच्या चित्रकला शिक्षकाने १८९७ साली हे तयार केलं. विद्यार्थ्यांना वर्गात न सुकणारी माती हवी होती, एवढीच गरज. खडूसारखी कॅल्शियमयुक्त भुकटी, व्हॅसलिनसारखं पेट्रोलियम जेली आणि स्टिअरिक आम्ल. पाणी नाहीच, तर सुकणार काय? या न सुकण्याचं मोल मला फार उशिरा कळलं. मूल विचार करत असतं तेव्हा त्याला मत बदलता आलं पाहिजे. आज सकाळी केलेला कप्पा संध्याकाळी पुसून दुसरीकडे करता आला पाहिजे. केंब्रिजमध्ये १९५७ साली जॉन केंड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा, पहिला आकार उभा केला तो याच प्लॅस्टिसिनमध्ये. लाकडी काड्यांच्या आधारावर वेटोळं घालून बसलेली एक जाडजूड वळी. सुंदर म्हणावं असं त्यात काही नाही. प्रथिनाची घडी अशी वेडीवाकडी असते हे त्यातून पहिल्यांदा दिसलं, आणि १९६२चं रसायनशास्त्राचं नोबेल केंड्रू आणि मॅक्स पेरुत्झ यांना मिळालं. माझ्या त्या रकान्यात त्या वळीला नीटनेटकेपणाचे किती गुण मिळाले असते, हा विचार मी टाळू शकत नाही.

तर नातीने आधी प्लॅस्टिसिनचा बोटभर डोंगर केला, चार वेळा मोडला, थर किती आणि भेग कुठे ते ठरवलं. मोठा डोंगर त्याचा करण्यात अर्थ नव्हता. दहा-बारा पाकिटं लागली असती, आणि खालच्या कार्डशीटला तेलाचे डाग पडतात ते वेगळंच. उन्हाळ्यात तर तो नुसत्या उकाड्यानेच मऊ पडून बसतो.

शाडूच्या पोळ्या करून पाहिल्या. प्रत्येक पोळी आपापल्या वेगाने सुकली आणि कडा पापडासारख्या वर वळल्या. शाडू एका सलग आकाराला चांगला, पातळ थरांना नाही.

शेवटी मैदा आणि मीठ. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, आणि पाणी लागेल तसं, वाटीच्या आतच. कणकेसारखं घट्ट मळायचं. कणीकही चालते, पण ती काळी पडते. ही गोष्ट मुलांना दुकानातल्या कुठल्याही मातीपेक्षा जवळची असते, कारण मळणं आणि लाटणं त्यांनी रोज पाहिलेलं असतं. नातीला काही शिकवावंच लागलं नाही. सहा पोळ्या कोळशाची पूड घालून काळसर केल्या. प्रत्येक पोळीच्या वरच्या अंगाला तिने खराट्याच्या काडीने भोकं पाडली, कारण लाव्हातला वायू वर चढतो आणि गोठता गोठता वरच्या भागात बुडबुडे अडकतात. येऊरच्या वाटेवर असे भोकाभोकांचे दगड पायाखाली येतात, कधी त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्या स्फटिकांसाठी तिने डब्यातून साबुदाणा आणला. हे तिचं स्वतःचं.

सातव्या पोळीसाठी मी देव्हाऱ्याजवळचा गेरू काढून दिला. सह्याद्रीच्या थरांत मधे मधे लाल पट्टे दिसतात. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा यायला पुष्कळ काळ गेला, तेवढ्यात वरचा खडक ऊन-पावसाने कुजून त्याची लाल माती झाली, मग तिच्यावर नवा लाव्हा आला. तो पट्टा म्हणजे मधला शांत काळ. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने गेरूची पोळी अगदी पातळ लाटली आणि चौथ्या थरावर ठेवताना हळू आवाजात म्हणाली, "इथे तेव्हा झाडं आली असतील."

गुरुवारी सकाळी डोंगराला घाम आला होता.

खरोखरचे थेंब. ती रडकुंडीला आली, आणि मला मात्र आनंद झाला, कारण आता सांगण्यासारखं काहीतरी समोर आलं होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन त्यात विरघळायला लागतं. ठाण्यात पावसाळ्यात ती त्याच्या वर असतेच, स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ते त्यामुळेच. भांडुप-मुलुंडपासून भाईंदरपर्यंत खाडीकाठी मिठागरं होती, तिथलं कामही पाऊस सुरू होण्याआधी आटपायचं. हीच कृती डिसेंबरात केली असती तर डोंगर खडखडीत वाळला असता. म्हणजे साहित्य निवडताना महिनाही बघायचा, हे मी इतक्या वर्षांत कोणत्याही पालकसभेत सांगितलं नव्हतं. आम्ही डोंगर मंद आचेवर जाड तव्यावर तासभर ठेवला, खाली ताटली घालून. वरचा घाम गेला, आत ओल राहिली. राहू दिली.

उरलेल्या पिठाचे दोन गोळे करून मी तिला एक गंमत दाखवली. दोन गोळे शेजारी, एकमेकांना न चिकटू देता. नऊ व्होल्टच्या बॅटरीची एक तार एका गोळ्यात, दुसरी दुसऱ्यात, आणि एलईडीचा एकेक पाय दोन्हींत खोचला. दिवा लागला. मिठाचे भारित कण त्या ओल्या पिठातून वीज नेतात. मग गोळे एकमेकांना चिकटवले तर दिवा विझला, कारण विजेला जवळची वाट मिळाली. मिठाऐवजी साखर घालून मळलं तर दिवा जवळजवळ लागतच नाही. एलईडी बॅटरीला थेट जोडू नये, जळतो. पीठ मधे असल्यामुळे तो वाचतो. आणि हा गोळा घरातल्या रांगत्या बाळाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये, त्यात मीठ फार असतं.

थर्माकोलबद्दल माझा राग एवढ्यासाठी आहे की ते काहीच करत नाही. सुकत नाही, आक्रसत नाही, भिजत नाही, वीज नेत नाही. त्यात ९८ टक्के हवा असते. कापायचं तर धारदार कटर किंवा तापलेली तार लागते, म्हणजे काम मोठ्यांच्याच हातात जातं, आणि तारेने कापताना निघणारा धूर मुलांच्या नाकात जाऊ नये असाच असतो. वर उग्र वासाचा गोंद लावला की ते खड्डे पडून विरघळतं, साधा पांढरा फेविकॉलच लावावा लागतो. आणि प्रदर्शन संपलं की ते कुठे जातं? राज्याने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, गणपतीच्या मखरातून ते बरंचसं गेलं, पण शाळेच्या प्रकल्पांतून अजून गेलेलं नाही. ऐरोलीच्या पुलाजवळ ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांत अडकलेले पांढरे कण मी पाहिले आहेत. ज्या ठाणे खाडीला रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, २०१५ साली अभयारण्य केलं आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं, तिथे.

सर्वात जास्त नुकसान मात्र थर्माकोलच्या सूर्यमालेने केलंय असं मला वाटतं. पाकिटात येणारे लहान-मोठे गोळे, तारांवर टांगलेले, सूर्य जेमतेम दुप्पट. मूल ते चित्र जन्मभर डोक्यात ठेवतं. सूर्यासाठी फुटबॉल घ्या. मग पृथ्वी होते मोहरीचा दाणा, गुरू होतो सुपारी, आणि ही मोहरी फुटबॉलपासून जवळजवळ २४ मीटरवर ठेवावी लागते. मी नातवंडांना घेऊन एकदा हे तलावपाळीवर केलं. फुटबॉल धरून मोठा नातू उभा राहिला, आणि धाकटी मोहरी चिमटीत धरून चालत चालत इतकी लांब गेली की मागे वळून ओरडली, "अजून?" नेपच्यूनसाठी सातशे मीटर चालावं लागलं असतं, स्टेशनच्या वाटेवर कुठेतरी. खर्च काही नाही. फुटबॉल घरचा, मोहरी मिसळणाच्या डब्यातली.

काही वस्तू लहान मुलांच्या हातात मी देत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवलं की घट्ट होताना तापतं, आणि जाड थर असेल तर कातडी भाजण्याइतकं तापतं. हाताचे ठसे घ्यायला मुलांचे हात त्यात बुडवतात हे मी ऐकते तेव्हा जीव कासावीस होतो. दोन पुड्या एकत्र मळून दगडासारखी होणारी माती असते, तिच्यातलं रसायन घट्ट होण्याआधी कातडीला चुरचुरतं. आणि घरी शिजवलेल्या खळीला कीड लागू नये म्हणून जुनी माणसं मोरचूद घालायची. ते विष आहे, मुलांच्या खळीत नको. खळ रोजच्या रोज ताजी करावी.

खळीवरून आईच्या टोपल्या आठवल्या. रद्दी भिजवून, मेथी वाटून घालून, कुटून लगदा करायचा आणि पालथ्या पातेल्यावर थापायचा. घरभर मेथीचा कडवट वास. त्या टोपल्यांत आम्ही वर्षानुवर्षं कांदे ठेवले. मी शिक्षिका झाल्यावर हाच लगदा नकाशांसाठी वापरला असता तर? फ्रान्समध्ये ओझू नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात कागदाच्या लगद्याचीच माणसाची शरीरं बनवली होती, अवयव एकेक काढून पुन्हा बसवता येणारी, कारण खरं शरीर कुजतं आणि मेणाचं हाताळताना मोडतं. हलका, टणक, पुन्हा पुन्हा हाताळता येणारा लगदा आमच्या घरात होता, आणि मी वर्गासाठी थर्माकोलची शीट मागवत राहिले.

शुक्रवारी रिक्षात ताट मांडीवर धरून ती बसली होती. सात थरांचा, मधोमध सुरीने कापलेला, आतले पट्टे दिसणारा, किंचित ओलसर डोंगर. त्याला टोक नव्हतं, उकळतं काही नव्हतं. मला थोडी धास्ती होती. संध्याकाळी घरी आली ती सांगतच. बाईंनी विचारलं, याचं तोंड कुठाय? "मी सांगितलं, आपल्याकडे तोंड नव्हतं, भेग होती. मग बाई खिडकीपाशी गेल्या आणि सगळ्यांना येऊर दाखवला." नंबर कोणाला आला हे तिला आठवेना.

पुढच्या आठवड्यात डोंगराला बुरशी आली. तो कुंडीत पुरायचा तिचा बेत होता, पण त्यातल्या मिठाने तुळस मेली असती, म्हणून ओल्या कचऱ्यात टाकला. शाडूचे वाकडे तुकडे मात्र बादलीत भिजत घातले, दोन दिवसांत त्यांचा परत मऊ गोळा झाला. तेवढ्यात तिला पंख्याखालची पट्टी आठवली. फूटपट्टी घेऊन बसली, एकदा मोजली, दोनदा मोजली, मग मला हाक मारली. दोन खुणांच्या मधे साडेनऊ सेंटिमीटर होते.

"आजी, मी चुकीचं मोजलं होतं का?"

मी म्हटलं, नाही. पट्टीला मधे एक बारीक तडा होता, तो तिने नखाने चाचपला. "ही बाहेरून आधी सुकली ना?" ती म्हणाली. पट्टी बादलीत टाकू दिली नाही. पेन्सिलीने तिच्यावर ९.५ लिहून ती माझ्या टेबलावर ठेवून गेली.